वेताला पाणी लागते

रविवार, ५ मार्च १९६१
सेक्टर २, भिलाई

ही दैनंदिनी आजपासून पुनश्च सुरू करीत आहे. मध्यंतरी ती बंद होती. लिहिण्यासारखे काही घडत नव्हते असे नाही. जे घडत होते ते लिहवत नव्हते. कांता आरोग्यधामात गेल्यापासून या क्वार्टरमध्ये मी, एक स्टोव्ह आणि एक प्रगाढ शांतता असे तिघे नांदत आहोत. त्यांपैकी स्टोव्ह तेवढा अधूनमधून बोलतो.

काल वैद्यांचे पत्र आले. कांतेच्या फुप्फुसांतील व्रण भरून आले आहेत, थुंकी निर्दोष ठरली आहे. औषधे वर्षभर चालू ठेवण्याच्या अटीवर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिला घरी न्यावे. पुढे एक वाक्य आहे : 'रुग्णेने सकाळ-संध्याकाळ मोकळ्या हवेत पाठ टेकून विश्रांती घ्यावी, आणि तिला एकटे वाटू देऊ नये.' या वाक्याचा पूर्वार्ध माझ्या अधिकारक्षेत्रात येतो. मोकळी हवा भिलाईत विपुल आहे. तिच्यात लाल धूळ तितकीच विपुल असते, एवढेच. पाठ टेकण्यास आसन हवे, ते मी आणीन. उत्तरार्ध मात्र शेजाऱ्यांच्या अधिकारक्षेत्रात येतो आणि तेथे माझा वशिला चालत नाही. रोगाचे नाव ओळीत पसरल्यापासून आमच्या फाटकावरून जाताना समस्त भगिनीवर्ग पदर नाकाला लावतो.

अपवाद एकच, भिंतीपलीकडच्या शेवंताबाई. त्यांचे यजमान देवाजी पोलाद कारखान्यात कोक ओव्हनवर, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर, आहेत. माणसे भंडाऱ्याकडची, नागपुरास जाऊन बौद्धधम्माची दीक्षा घेतलेली. कांता गेल्यापासून त्या मला भाजी देतात. मात्र वाटी हातात कधी देत नाहीत. मधल्या भिंतीवर ठेवतात, चार पावले मागे सरकतात आणि मग म्हणतात, "मास्तर, घ्या जी." रोगाचे भय त्यांनाही असणारच, असे समजून मी मनोमन क्षमा करतो. पूर्वी त्या आमच्या ओट्याच्या पायरीवर टेकत, कांतेशी तासन्‌तास बोलत. आणि त्या उठून गेल्या की कांता पायरीवर तांब्याभर पाणी ओतून ती लख्ख करीत असे. कांतेचे स्वच्छतेचे वेड तसे जुनेच.

सोमवार, ६ मार्च

कचेरीत आसनाचा विषय काढला आणि पस्तावलो. तुमसरच्या शाळेत मी संस्कृत शिकवीत होतो तेव्हा मुले धातू चालवीत. येथे निरीक्षण विभागात धातूच मला चालवतो. दिवसभर नट, बोल्ट, झडपा आणि साखळ्या यांचे गुणदोष पाहावयाचे, नापास मालावर खडूने फुली मारावयाची. पूर्वी वह्यांवर मारीत असे. व्यवसाय बदलला, फुली तीच.

शेजारच्या मेजावरचे भय्याजी म्हणाले, "दौलतराव, लोखंडाच्या गावात राहून वेताची खुर्ची? हसतीन लोक! वर्कशॉपमधून अँगलची बनवून घ्या. नातवाच्या नातवाले पुरन."

"भय्याजी, वैशाखात अँगलच्या खुर्चीवर मनुष्य बसत नाही, भाजला जातो. मला पत्नीची प्रकृती सुधारावयाची आहे, तिचा पापड करावयाचा नाही."

"मंग खाट टाका. आपले बापजादे खाटेवरच बरे झाले."

"आपले बापजादे खाटेवरच गेलेही," मी म्हणालो, आणि हे बोलून झाल्यावर मला ते वाक्य परत घ्यावेसे वाटले. आजाऱ्याला अंगणात खाटेवर निजलेले पाहिले की येणारा-जाणारा मनात पुढची तयारी करू लागतो. खुर्चीवरचा मनुष्य बसलेला असतो. बसलेल्या माणसाशी लोक बोलतात. म्हणून खुर्ची, आणि ती वेताची.

रविवार, १२ मार्च

पॉवर हाउसच्या बाजारातील एका चकचकीत दुकानात गेलो. खुर्च्या इतक्या चमकत होत्या की प्रत्येकीत माझे मुख दिसत होते, आणि ते काही मालाच्या बाजूने प्रमाण नव्हे.

आसनपरीक्षेचा माझा क्रम असा. प्रथम आसन सपाट फरशीवर ठेवून त्याचे दोन कोपरे आळीपाळीने दाबावे. चार पाय असणे आणि चार पायांवर उभे असणे या दोन भिन्न अवस्था आहेत, हे मनुष्यांप्रमाणेच खुर्च्यांनाही लागू पडते. मी निवडलेल्या खुर्चीचा एक पाय नवशिक्या नर्तकासारखा अधांतरी राहिला. मग मी तिला उलटी केली. वस्तूचे रूप वर असते, चारित्र्य तळाशी. जेथे वेताच्या सालीचे घट्ट वेढे हवे होते तेथे बारीक चुका ठोकलेल्या; हवा दमट-कोरडी होत राहिली की चूक सैल पडते आणि जेथे पडते तेथील वेत चिरत जातो. विणीची टोके आत दडपण्याऐवजी कापून सोडलेली. अशा टोकात लुगडे अडकले की लुगडे आणि वीण दोन्ही उसवतात. व्हार्निश एका सांध्यापाशी गोठून जाड झालेले. नखाने खरवडले तो खाली भेग. आणि पायाशी टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे, खाली पिवळी भुकटी. म्हणजे आत कीटकांचे बिऱ्हाड माझ्या आधीच राहावयास आले होते.

दुकानदार इतका वेळ सोशिकपणे पाहत होता. अखेरीस म्हणाला, "मास्टरजी, कुर्सी ले रहे हैं कि बहू देख रहे हैं?"

"सून पाहण्यास इतका वेळ लागला नसता," मी उत्तरलो. "सुनेवर पाठ टेकावयाची नसते."

खिशात खडू होता. सवयीने हात गेला, पण फुली मारली नाही. रविवार होता.

रविवार, १९ मार्च

सुपेल्याच्या बाजाराच्या टोकाला, बांबूच्या टोपल्या आणि सुपांच्या पलीकडे, तेजराम नामक गृहस्थ वेतकाम करतो. वेत कलकत्त्याकडून मालगाडीने येतो. आत्मविश्वास मात्र त्याचा स्थानिक आहे. मी पोहोचताच गर्जना झाली.

"मोर कुर्सी म हाथी बइठ जाही, महाराज!"

"हत्ती नको. निरीक्षण विभाग बसेल."

त्याने मला आपादमस्तक न्याहाळले आणि म्हणाला, "एके च बात ए."

मी व्हार्निश न लावलेलीच खुर्ची दाखव म्हणालो. त्यावर तो रागावेल असे वाटले होते, पण तो मिशीत हसला आणि बाजूची एक अर्धवट विणलेली पुढे सरकवली. बैठकीवर अंगठा दाबला. वीण वाकली आणि अंगठा उचलताच जागेवर आली. ओळी सारख्या, मध्ये फट नाही. पायांचा वेत अखंड, जोडलेला नाही; सांध्यांवर सालीचे वेढे असे आवळलेले की नख शिरेना. वास घेतला, बुरशीचा नाही, कोरड्या गवताचा. मग मी बसलो. खुर्ची एकदा कुरकुरली, विचार केला, आणि शांत झाली. वेताच्या आसनाने प्रथम थोडे कुरकुरावेच. जे मुळीच कुरकुरत नाही ते एक तर खिळ्यांनी जखडलेले असते, नाहीतर लबाड असते.

मोठी, पाठीकडे कलती, रुंद हातांची खुर्ची सांगितली. तेजरामाने कमरेची सुतळी काढली आणि माझी पाठ, माझी बैठक, माझ्या गुडघ्यापासून टाचेपर्यंतची उंची सर्व मापून गाठी मारल्या. बैठकीची गाठ मारताना त्याने शीळ घातली. निघताना म्हणाला, "घाम के दिन म बेंत ला पियास लागथे, महाराज. रोज संझा पानी छिंचहू, नइ त चटक जाही."

उन्हाळ्यात वेताला तहान लागते. रोज संध्याकाळी पाणी शिंपावे, अन्यथा तो तडकतो. देखभालीची सूचना मी मनात कोरून घेतली. निरीक्षण विभागात वस्तू मोडल्यास प्रथम हेच विचारतात की सूचना पाळली होती काय.

गुरुवार, २३ मार्च

काही घडले नाही. पिठल्यात मीठ घालावयाचे राहिले आणि ते अर्धे जेवण होईपर्यंत लक्षात आले नाही.

कांता येईल. खुर्ची येईल. आणि मग? सकाळी मी कामावर जाईन. ती फाटकाकडे पाहत बसेल आणि फाटकावरून पदर जातील. यासाठी कोणती वीण तपासावी हे मला ठाऊक नाही.

रविवार, २ एप्रिल

आसनाचे आगमन झाले. सायकलच्या मागे बांधून सुपेल्याहून आणले. मागून पाहणाऱ्यास एखादे सिंहासन स्वतःच सायकल चालवीत निघाले आहे असे वाटले असावे. फाटकाशी देवाजी भेटले.

"जय भीम, मास्तर. हे खुर्ची हाय का मचान?"

"रामराम देवाजी. आरोग्यासन आहे. बसून पाहा."

"नको जी. पयले बाईले बसू द्या. ज्याची वस्तू, त्याचा मान." मग भिंतीकडे मान वळवून मोठ्याने म्हणाले, "अवो, पाह्य बरं, मास्तरनं काय आनलं! हे तर आपल्या खोलीतच जाणार नाही!"

शेवंताबाई भिंतीवरून डोकावल्या. खुर्चीकडे पाहिले, मग आमच्या ओट्याच्या पायरीकडे, पुन्हा खुर्चीकडे. "चांगली हाय," एवढेच म्हणाल्या. "कवा येते कांताबाई?"

पुढच्या रविवारी, असे सांगितले. संध्याकाळचा भोंगा झाला तशी झारी घेऊन वेताला पाणी दिले. भोंग्यासरशी पाणी, हा नियम आजपासून लागू. या गावात चूल, शाळा, भांडणे सर्व भोंग्यावर चालते. वेताने अपवाद का असावे?

रविवार, ९ एप्रिल

दुर्ग स्थानकावर गाडी वेळेवर आली. हा शुभशकुन की अपशकुन हे कळेपर्यंत कांता उतरलीदेखील. लुगडे तिला नेसले आहे असे वाटत होते, तिने लुगडे नेसले आहे असे नव्हे. पण रंग आला आहे. रिक्षात ती संपूर्ण वाटभर रस्त्याकडे पाहत होती आणि मी तिच्याकडे.

आसन मी परसात, लवकीच्या, म्हणजे दुधीच्या, मांडवाखाली स्थापन केले होते. तिला तेथे नेऊन, थोडक्यात परंतु सांगोपांग, वेढे, टोके, वीण यांचे गुणवर्णन केले. ती बसली. पाय जमिनीपासून वितभर वर लोंबू लागले. खांदे पाठीच्या मध्यावर, हात खुर्चीच्या हातांपासून कोसभर. एकूण दृश्य देवळाच्या गाभाऱ्यात ठेवलेल्या लिंबासारखे.

तिने खाली पाहिले. मग माझ्याकडे. "अवो... हे माह्यासाठी आनली का तुमच्यासाठी?"

मी मापांचा खुलासा करू लागलो आणि मध्येच थांबलो, कारण ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पदर तोंडात कोंबून हसत होती. मी श्वास रोखून उभा. हसणे संपले. त्यानंतर खोकला येतो, हा वर्षभराचा क्रम. तो आला नाही.

तिने पाय वर घेतले आणि चक्क मांडी घातली. "जमलं. मोठा पाट आनला तुमी. हातही हायत याले." मग मांडवाकडे पाहून म्हणाली, "पन इथं कावून ठेवली? इथं कोन दिसते मले, लवकी? समोर ठेवा. अजून जित्ती हाव मी."

समोर ठेवली. मी सर्व काही तपासले होते. कोण बसणार एवढे सोडून. निरीक्षण विभागात ही त्रुटी अक्षम्य. कांतेने क्षमा केली, ती विभागात नाही म्हणून.

बुधवार, १२ एप्रिल

सकाळी आणि संध्याकाळी ती बसते. लोक जातात. काही लांबून विचारतात, "बरं हाय नं आता?" आणि उत्तराची वाट न पाहता पुढे होतात. पदर नाकावर.

आज ती म्हणाली, "हे मले पाहून राहिले का खुर्चीले?"

"दोन्ही प्रेक्षणीय आहेत," मी म्हणालो.

ती हसली नाही. "तिथं आरोग्यधामात सगळ्याच खोकत होत्या. पन बोलत तरी होत्या. शेवंता कशी आली नाही जी अजून?"

मी म्हणालो, रोगभय. ती पायरीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आत जाते मी," आणि भोंगा होण्याआधीच आत गेली. रिकाम्या खुर्चीला पाणी दिले.

शनिवार, १५ एप्रिल

आजचा दिवस उत्तम आरंभ आणि अनाकलनीय अंत यांचा आहे.

काल बाबासाहेबांची जयंती झाली. सेक्टरभर निळे झेंडे, रात्री भजने. आज संध्याकाळी शेवंताबाई बुंदीचे लाडू घेऊन फाटकाशी आल्या. मी आत खिडकीपाशी होतो.

"कांताबाई, जयंतीचे लाडू आनले जी. इथं ठेवते."

"तिथं कावून ठेवून राहिली? आत ये नं वो. किती दिवसानं दिसली!" कांता पाय सोडून खुर्चीतून खाली उतरली. "बस. मी चाय ठेवते."

"मी बसते पायरीवर."

"पायरीवर नाही." कांतेचा आवाज जरा चढला. "खुर्चीवर बस."

शेवंताबाई उभ्याच. मला वाटले, आता हे भय जिंकते. पण त्या बसल्या. आधी कडेला, मग हळूहळू मागे रेलल्या. "गार हाय वो," म्हणाल्या, "लिंबाखाली बसल्यावानी." कांता आत चहा ठेवण्यास आली तेव्हा गुणगुणत होती. क्षयरुग्णेच्या आसनावर ओळीतील एक स्त्री प्रत्यक्ष बसली होती! मला खिडकीतून टाळी वाजवावीशी वाटली.

इतक्यात भोंगा झाला. शेवंताबाई दचकून उठल्या. "अगं माय, हे येतीन आता! थांबा जी, चूल पेटवून येते," असे काहीसे म्हणत फाटकाकडे वळल्या. मी नियमानुसार झारी घेऊन बाहेर आलो आणि खुर्चीला पाणी दिले. बैठकीला, पाठीला, हातांना, सर्वत्र, यथासांग.

मान वर केली तो शेवंताबाई फाटकात थांबून माझ्याकडे पाहत होत्या. मी नमस्कार केला. त्यांनी केला नाही. फाटक लावून गेल्या.

कांता चहाचे कप घेऊन बाहेर आली. ओली खुर्ची पाहिली. झारी पाहिली. "ते गेली?"

"भोंगा झाला म्हणून."

"तिनं पाह्यलं हे?"

"पाहिले असावे. मग?"

ती चहा घेऊन तशीच आत गेली. कारण विचारले तर म्हणते, "तुमी झोपा आता." चहा वाया गेला. कदाचित उष्म्यामुळे दोघींचीही प्रकृती बिघडली असावी.

मंगळवार, १८ एप्रिल

भिंतीवर वाटी नाही. कालही नव्हती.

संध्याकाळी कारखान्याच्या फाटकाशी सायकली काढताना देवाजी दिसले. मी रामराम केला. त्यांनी जय भीम केला, पण नजर हँडलवर.

"देवाजी, घरी सर्व कुशल आहे ना?"

"मास्तर, सरळ इचारतो. आमची बाई उठली आन तुमी खुर्ची धुतली?"

मी थक्क झालो. वेताचा उगम, तंतूंची रचना, वैशाखातील कोरडी हवा आणि तेजरामाची सूचना हे सर्व मी त्यांना ओळीने सांगितले. सायकलींची रांग आमच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती. देवाजींनी पूर्ण ऐकून घेतले.

"तुमचं पटते मले," ते म्हणाले. "कोक ओव्हनच्या दारालेही पानी मारा लागते. पन बाईले कोन पटवन? तिनं लय पानी पाह्यलं हाय, मास्तर. तुमच्या पायरीवर बी."

ते सायकलवर बसून गेले. पायरीवरचा तांब्या मी इतकी वर्षे पाहत आलो. ज्याच्या हाती खडू आहे त्याने ती फुली ओळखू नये?

घरी आल्यावर सांगितले. कांता तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. "मले ठाऊक हाय," ती म्हणाली. "तिले वाटलं, मीच शिकवून ठेवलं तुमाले. आन कावून नाही वाटावं? तांब्या माह्याच हातात राहे. सासूनं शिकवलं, मी केलं. म्हणून ते वाटी भिंतीवर ठेवते जी. तुमी म्हनता, बिमारीले भेते." मग तांदूळ बाजूला सारून म्हणाली, "आता माह्यावर लोक पदर धरतेत."

मी सुचवले की वेताच्या जलसिंचनाची शास्त्रीय आवश्यकता विशद करणारे एक निवेदन शेवंताबाईंना सादर करावे.

"कागद नोका पाठवू," कांता म्हणाली. "हे माहं काम हाय."

मंगळवार, २५ एप्रिल

ऊन असह्य. झारी कोपऱ्यात आहे. भोंगा होतो आणि माझा हात उचलत नाही. आज उजव्या हातावरची एक साल चट्‌कन तडकली. सूचना पाळली होती काय? नाही.

कांता खुर्चीवर बसत नाही. त्याऐवजी रोज थोडे चालते. परवा फाटकापर्यंत, काल कोपऱ्यावरच्या नळापर्यंत. मला वाटते वैद्यांनी सांगितलेला व्यायाम असावा. भिंत एक असली तरी शेवंताबाईंचे फाटक पलीकडच्या गल्लीला आहे, वळसा घालून जावे लागते. आज कांता विचारत होती, "शेवंताचं फाटक आपल्यापेक्षा दूर हाय का जवळ, नळावरून?"

रविवार, ३० एप्रिल

बुद्धपौर्णिमा.

ऊन कलले तेव्हा कांतेने केस विंचरले, धुतलेले लुगडे नेसली आणि म्हणाली, "खुर्ची उचला."

"कोठे नेऊ?"

"डोक्यावर घ्या आन चाला माह्या मागं."

निरीक्षण विभागातील एक जबाबदार कर्मचारी स्वतःच्याच मापाचे आसन मस्तकी धारण करून सेक्टर दोनच्या रस्त्यावरून पत्नीमागे निघाला. चालता चालता खुर्चीच्या विणीतून मला संपूर्ण ओळ दिसत होती. दारोदारी भगिनीवर्ग उभा होता. पदर नाकाकडे नेण्यास त्या विसरल्या असाव्यात. आश्चर्यास दोन्ही हात लागतात.

शेवंताबाईंच्या अंगणात पंचरंगी झेंडा, चुलीवर खिरीचे पातेले. देवाजी उपड्या बादलीवर बसले होते, ते उठले. शेवंताबाई पळी हातात धरून उभ्या राहिल्या.

कांतेने मला खुर्ची त्यांच्या दारासमोर ठेवावयास लावली. स्वतः चढून बसली, मांडी घातली, थोडा दम खाल्ला. मग खाली उतरली. दाराजवळच्या रांजणातून तांब्या भरून तिने तो शेवंताबाईंपुढे धरला.

"मी उठली वो शेवंता. घे. ओत."

तांब्या दोन्ही हातांत धरून कांता उभी. पातेल्यात खीर बुडबुडत होती.

"मी कावून ओतू?" शेवंताबाई अखेरीस म्हणाल्या. "माह्या घरी कोनी उठल्यावर पानी ओतत नाही. आमाले नाही येत तसलं काम."

कांतेची मान खाली गेली. "मले येत होतं," ती म्हणाली. "लय दिवस केलं."

शेवंताबाईंनी पळी देवाजींच्या हातात दिली. तांब्या कांतेच्या हातातून घेतला. हातातून हातात, भिंत मध्ये नव्हती. मग त्या खुर्चीपाशी गेल्या, बोटांनी तडकलेली साल चाचपली आणि माझ्याकडे वळल्या.

"मास्तर, हे कशी तुटली?"

"पाणी दिले नाही म्हणून," मी म्हणालो. "देववले नाही."

"खरंच लागते याले पानी?"

"सत्य आहे, बाई. ग्रीष्मात वेताचे तंतू..."

"असं." त्या बसल्या. चांगल्या मागे रेलून, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून. "मंग मारा. मी बसलीच हाव."

मी देवाजींकडे पाहिले. ते आभाळाकडे पाहत होते. मी कांतेकडे पाहिले. तिने तांब्या माझ्या हातात कोंबला, "थांबा," म्हणाली, आणि शेवंताबाईंना कोपराने ढोसले. "सरक तिकडं. दोघींची जागा हाय. ह्यांच्या मापाची हाय हे."

"अवो, तुमाले सर्दी होईन! आत्ता दवाखान्यातून आल्या!"

"होऊ दे. सरक म्हणते नं!"

दोघी बसल्या. खुर्ची कुरकुरली, विचार केला, आणि शांत झाली. मी तांब्या कलता केला. बैठकीला, पाठीला, हातांना, आणि अपरिहार्यपणे दोन लुगड्यांना, यथासांग. शेवंताबाई किंचाळल्या, "अगं माय, केवढं गार!" कांता हसू लागली, मग दोघीही, आणि मी पुन्हा श्वास रोखून उभा राहिलो, आणि पुन्हा खोकला आला नाही. त्याच वेळी भोंगा झाला. प्रथमच मी त्याच्या आधी नियम पाळला होता.

ओळीतल्या एका बाईने फाटकातून विचारले, "काय झालं वो, कावून हसून राहिल्या?" आणि उत्तर ऐकावयास ती थांबली. तिला आत बोलावले गेले. ती फाटकाच्या आत आली, पायरीपर्यंत नाही. पण पदर खांद्यावर होता.

देवाजींनी मला खिरीची वाटी दिली, हातात. आम्ही दोघे पुरुष उपड्या बादलीवर आळीपाळीने बसलो. तिचा काठ सर्व बाजूंनी जमिनीला टेकत नव्हता. मी तक्रार केली नाही.

कांतेचे लुगडे लगेच बदलविले, काढा दिला, आता झोपली आहे. खुर्ची रात्रीपुरती तिकडेच राहिली आहे. सकाळी इकडे येईल, संध्याकाळी तिकडे जाईल, असे दोघींनी मला न विचारता ठरविले आहे. वाहक कोण, हेही ठरले आहे.

निरीक्षणाचा अंतिम शेरा : माल स्वीकृत. मात्र त्यात निरीक्षकास जागा उरत नाही. येत्या रविवारी तेजरामाकडे दुसरी खुर्ची सांगावयास जाईन. या वेळी दोघींना सोबत नेईन आणि सुतळी त्यांच्याच हाती देईन.